बेडकांचा हिशेब ठेवणारा माणूस

मृग नक्षत्र लागायला चार-पाच दिवस उरले की रात्री माझे कान आपोआप खिडकीकडे लागतात. ही सवय जुनी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता काल्हेरला राहायला आलो, तेव्हा समोर एक पडीक भातखाचर होते. पहिला पाऊस झाला की त्यात पाणी साठे आणि रात्रभर बेडकांचा गलका चाले. सौ. वैतागून खिडकी लावून घेई आणि ती झोपली की मी ती हळूच किलकिली करून ठेवी. पुढे त्या खाचरात भराव पडला. मग कुंपण आले आणि एका उन्हाळ्यात पत्र्याचे लांबलचक गोदाम उभे राहिले. आता रात्री ऐकू येते ती मागे सरकणाऱ्या ट्रकांची पिपाणी.

गेल्या पावसाळ्यात सात वर्षांची नात आमच्याकडे राहायला आली होती. पुस्तकातले चित्र पुढे करून तिने विचारले, ‘‘आजोबा, बेडूक खरंच डराव डराव करतो?’’ मी ‘हो’ म्हणालो. ‘‘मग ऐकवा ना!’’ ती म्हणाली. तिला ऐकवायला माझ्यापाशी बेडूक नव्हता. भातशेतीच्या मुलखात, खाडीच्या काठावर, ऐन आषाढात एका आजोबावर ही पाळी यावी याची मला लाज वाटली. लाज वाटण्याला आणखीही एक कारण होते आणि ते आज सांगून टाकायचे ठरवले आहे. त्यासाठी ज्यांना मी आयुष्यात कधी भेटलो नाही, अशा एका गृहस्थांची आठवण जागवावी लागेल. त्यांचे नाव हुमायून अब्दुलअली. ३ जून २००१ रोजी, मृगाच्या तोंडावरच, ते गेले.

प्रथम माझी गोष्ट. १९८४ साली माझी बदली भिवंडी तालुक्यातल्या एका शाखेत झाली. शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. त्या वेळी भिवंडी म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट; पण शहराबाहेर पडले की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे भातशेतीची आणि मिठागरांचीच होती. मोटारसायकलवर सातबाऱ्याचे उतारे घेऊन मी बांधाबांधाने हिंडत असे. अशाच एका पावसाळ्यात जवळच्या खेड्यातला एक होतकरू तरुण कर्ज मागायला आला. त्याचा धंदा बेडकांचा होता. पावसाळी रात्री गॅसबत्त्या घेऊन माणसे शेतात उतरत. प्रकाशाने दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. त्याला उचलून गोणपाटात टाकायचे. सकाळी हा तरुण गोणी गोळा करी आणि बर्फाच्या पेट्यांतून माल मुंबईच्या निर्यातदाराकडे पोचवी. जायच्या त्या फक्त मागच्या तंगड्या. उरलेला बेडूक, बहुधा जिवंतच, तिथेच फेकला जाई. तंगड्या युरोप-अमेरिकेतल्या हॉटेलांत आणि त्याबदल्यात डॉलर देशात.

परकीय चलनाचा तो टंचाईचा काळ. निर्यात हा शब्द उच्चारला की फाईल झपाझप पुढे सरके. मी मंजुरीचे टिपण लिहिले. त्यातले एक वाक्य मला आजही पाठ आहे: ‘कच्चा माल विपुल असून विनामूल्य उपलब्ध आहे.’ साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी ‘छान’ असा शेरा दिला होता. कर्ज मंजूर झाले आणि वेळेवर फिटलेही. बँकेच्या दृष्टीने ते उत्तम खाते होते.

त्याच मोसमात एका म्हाताऱ्या आगरी शेतकऱ्याच्या बांधावर मी उभा होतो. बांधाला भोके पडली होती आणि खाचरातले पाणी वाहून चालले होते. काका म्हणाले, ‘‘सायेब, बेरूक नेलं सगलं. आता मुठं बांध पोखरतान, त्यांना कोन खानार?’’ मुठे म्हणजे शेतातले खेकडे. मी मान डोलावली आणि हप्त्याच्या तारखेची आठवण करून देऊन निघालो. काकांच्या त्या एका वाक्यात माझ्या टिपणाचे उत्तर होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले आमच्या शाखेतल्या कॅशियरने. हा गृहस्थ रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून येऊरच्या जंगलात जायचा आणि सोमवारी काउंटरवर नोटा मोजता मोजता पक्ष्यांची नावे सांगायचा. आम्ही त्याची चेष्टा करत असू. तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा सभासद होता. एके दिवशी त्याने सोसायटीच्या जर्नलमधल्या एका लेखाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या त्या खात्याची दुसरी बाजू यात लिहिली आहे. सवडीने वाचा.’’ भारतातून होणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवरचा १९८५ सालचा तो तीसेक पानांचा लेख. लेखक हुमायून अब्दुलअली.

लेख वाचायला घेतला तेव्हा मला वाटले होते, कुणा प्राणिप्रेमी माणसाचा हळवा विलाप असेल. पण समोर आले ते निर्यातीचे आकडे, बेडकांच्या जाती आणि बेडूक काय खातो याची माहिती. एखाद्या कसलेल्या लेखापरीक्षकाने मांडावी तशी, आवाज न चढवता. मी बँकेचा माणूस. मला ती भाषा कळली. रडून सांगितले असते तर मी कदाचित पान उलटले असते.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपणही तो हिशेब करून पाहा. १९८१ साली आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या गेल्या त्या ४,००० टनांहून अधिक. म्हणजे ४० लाख किलो. एका बेडकाच्या दोन तंगड्यांचे वजन ५० ते १०० ग्रॅम धरले तर त्या एका वर्षात किमान ४ ते ८ कोटी बेडूक शेतांतून उचलले गेले. हे सारे मोठे, पूर्ण वाढलेले बेडूक. पावसाच्या सुरुवातीला प्रजननासाठी ते डबक्यांत जमतात, नर हळदीसारखा पिवळा होतो, त्याच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात आणि ज्या हाकेने तो मादीला बोलावतो त्याच हाकेमागून गॅसबत्तीवाला येतो. पुढच्या पिढीचे मुद्दलच आपण उचलत होतो आणि त्याला व्याज समजत होतो. हे कोट्यवधी बेडूक रोज रात्री जे किडे, नाकतोडे, खेकडे खात, ते खायला मग कोणी उरत नाही. शेतकऱ्याने औषध फवारायचे, त्याचा पैसा त्याच्या खिशातून जायचा आणि विष पाण्यात उतरायचे. माझ्या टिपणात ‘विनामूल्य’ लिहिले होते. किंमत होतीच, ती दुसऱ्याच्या खात्यावर पडत होती, एवढेच.

हा माणूस कोण, याची मग मला उत्सुकता लागली. अब्दुलअलींचा जन्म १९ मे १९१४ चा, जपानमधल्या कोबे शहरातला. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात. डॉ. सालिम अली हे त्यांच्या नात्यातले. डॉक्टरसाहेबांनी पक्ष्यांचा अभ्यास हेच जीवितकार्य मानले आणि त्यांचे नाव घराघरांत पोचले. अब्दुलअलींचे पोट धंद्यावर होते. निसर्गाचे काम त्यांनी केले ते धंदा सांभाळून, हौसेने, बिनपगारी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते कित्येक वर्षे मानद सचिव होते. मानद पद म्हणजे काय असते हे कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीला विचारावे. काम पुरेपूर, बोलणी भरपूर आणि वेतन शून्य.

या सोसायटीची परंपराच तशी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ हौशी मंडळींनी एकत्र येऊन ती स्थापन केली. त्या आठांत दोन हिंदी गृहस्थ होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात त्यांचे नाव आपण वाचतो. पक्षी, साप, झाडे यांच्या अभ्यासाच्या पायाभरणीतही एक मराठी डॉक्टर होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. संस्थेचे जर्नल १८८६ साली सुरू झाले. त्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या लेखांमागे छोट्या टिपणांचा एक विभाग असतो. चहाच्या मळ्यातला व्यवस्थापक, रेल्वेचा इंजिनीअर, तालुक्याचा डॉक्टर, कुणीही आपण पाहिलेले चार ओळींत कळवावे. बरोबर असेल तर छापले जाते. अमुक तारखेला, अमुक गावी, अमुक पक्षी दिसला, एवढेच. डिग्री विचारली जात नाही. तारीख, ठिकाण आणि खरेपणा विचारला जातो.

अब्दुलअलींनी हीच शिस्त आयुष्यभर पाळली. १९३६ पासून सालिम अली आणि त्यांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. पुढे तिचे पुस्तक झाले. तेव्हा अब्दुलअली अवघे बावीस वर्षांचे. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाणे-घोडबंदरपर्यंतचे बेट. त्याची उत्तरेकडची हद्द म्हणजे आमच्या दारातली ही वसईची खाडी. पलीकडच्या बाळकुमच्या काठावर साष्टी संपते आणि अलीकडे कशेळी-काल्हेर सुरू होते. साष्टीत तेव्हा कोणते पक्षी होते, ते आज पुस्तक उघडून सांगता येते. त्यातले कोणते गेले, कोणते नव्याने आले, याचा ताळा घालता येतो. खाडीच्या या काठासाठी असे पुस्तक कुणी लिहिले नाही. आमच्या भातशेतात, मिठागरात, चिखलात काय काय होते, याचा आरंभीचा शिल्लक आकडाच नाही. म्हणून गोदामांखाली नेमके काय गेले हे आज कुणालाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही सिद्ध करता येत नाही, हे बँकेत बसलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरही ते गेले. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात आणि या घरट्यांना परदेशी बाजारात मोठी किंमत येते. अब्दुलअलींनी १९४० आणि १९४२ साली तिथल्या पाकोळ्यांवर आणि सुरय या समुद्रपक्ष्यांवर टिपणे लिहिली. साठएक वर्षांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांची चोरी थांबवण्यासाठी त्याच बेटांवर कंबर कसली. ही मंडळीही स्वयंसेवी वृत्तीची. एका पिढीतल्या हौशी माणसाने नोंद करून ठेवावी आणि दुसऱ्या पिढीतल्या हौशी माणसांनी ते राखायला उभे राहावे, असा हा धागा आहे.

१९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा मसुदा घडवण्यात अब्दुलअलींचा हात होता. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. म्हणजे आपले राज्य एकवीस वर्षे पुढे होते. गमतीचा भाग असा, की अब्दुलअली स्वतः शिकारीचे शौकीन होते. त्या पिढीतल्या बऱ्याच निसर्गप्रेमींची ही विसंगती आपल्याला आज खटकते. पक्ष्यांचे नमुने गोळा करायचे म्हणजे बंदूक चालवायची, असाच तो काळ होता. ती बाजू झाकून त्यांना संत करण्यात अर्थ नाही. पण जंगलात बंदूक घेऊन हिंडणाऱ्याच माणसाला आधी कळले की पूर्वीइतके आता दिसत नाही. आणि ते कळल्यावर त्याने स्वतःच्याच छंदाला वेसण घालणारा कायदा लिहायला हातभार लावला. आपल्या सोयीविरुद्ध जाणारा आकडा मान्य करणे फार थोड्यांना जमते. मी माझे ‘विनामूल्य’ हे वाक्य मान्य करायला किती दिवस घेतले ते माझे मला ठाऊक आहे.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र बाहेरच्या जगाला जवळजवळ अदृश्य आहे. सोसायटीच्या संग्रहात पक्ष्यांचे हजारो नमुने आहेत. एकेक नमुना हातात घ्यायचा, त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी वाचायची, मापे घ्यायची, शंका असेल तिथे ताडून पाहायचे आणि यादीत लिहायचे. १९६८ पासून ही सूची जर्नलमधून भागाभागांनी प्रसिद्ध होत राहिली. हे काम सुमारे तीन दशके चालले. आमच्या बँकेत जुन्या लेजरचा मेळ घालायला बसवले की तरणीताठी पोरे आठ दिवसांत बदलीचा अर्ज करत. हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर ते काम हाती घेतो आणि ऐंशीच्या घरात जाईपर्यंत सोडत नाही.

त्याचे फळ काय, असे कुणी विचारील. अंदमान-निकोबारच्या बेटांवर अब्दुलअलींनी अनेक वाऱ्या केल्या आणि तिथल्या पक्ष्यांवर विस्ताराने लिहिले. ग्रेट निकोबारहून त्यांनी आणलेल्या लहान घुबडांचे दोन नमुने संग्रहात चिठ्ठीसह नीट ठेवलेले होते. १९९८ साली पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी त्यांचा अभ्यास केला आणि ही घुबडाची एक नवीच जात असल्याचे जाहीर केले. चिठ्ठीवर ठिकाण नसते, तारीख नसती, तर ते घुबड म्हणजे कापूस भरलेली चार पिसे ठरली असती. आपल्या हयातीत फळ दिसेल या हिशेबाने नोंद करायची नसते. ती खरी असली की कधीतरी, कुणाच्या तरी उपयोगी पडते.

निसर्ग शिकवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिबिरे येतात, झाडाखाली बसलेली मुले येतात. त्याचे मोल आहेच. पण अब्दुलअलींची शिकवण माझ्यासारख्या शेकडो अनोळखी माणसांपर्यंत पोचली ती त्यांच्या नोंदींमधून. महाराष्ट्रातल्या पक्ष्यांची एक छोटेखानी यादी त्यांनी तयार केली होती. मुंबईच्या परिसरात कोणता पक्षी कितपत दिसतो याची टिपणे तिच्यात होती. आमच्या कॅशियरच्या खिशात तिची जीर्ण प्रत असे. पक्ष्याच्या नावापुढे तो पेन्सिलीने खूण करी आणि खाली तारीख घाली. त्याने ती यादी माझ्या हाती ठेवली तेव्हा मी विचारले, ‘‘यात मी काय करायचे?’’ तो म्हणाला, ‘‘जे दिसले नाही त्यापुढे खूण करायची नाही. बाकी काही नाही.’’ निसर्गशिक्षणाचा याहून मोठा धडा मला पुढे कुणी दिला नाही.

१९८७ साली भारत सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. त्याआधी १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात आपल्याकडच्या दोन मोठ्या बेडकांचा समावेश झाला होता. हे सारे एका लेखामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्राण्यांच्या छळाविरुद्ध लढणाऱ्या संस्था होत्या, शास्त्रज्ञ होते. पण भावनेच्या आवाहनाला सरकारदरबारी ‘पाहू’ असे उत्तर मिळते आणि आकड्यांना उत्तर द्यावे लागते, हे आपण सर्वजण जाणतो. ते आकडे उभे करण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांत हा बिनपगारी माणूस होता.

बंदीने सर्वांचे भले झाले असेही नाही. रात्रभर चिखलात उभे राहून चार पैसे मिळवणारे आदिवासी आणि भूमिहीन मजूर यांची पावसाळ्यातली कमाई गेली आणि त्यांना दुसरे काही द्यावे असे कुणाला सुचले नाही. माझ्या त्या कर्जदार तरुणाने धंदा बदलला. निर्यातदार दुसऱ्या मालाकडे वळले. जगाच्या बाजारातली मागणी काही थांबली नाही. ती बांगलादेशाकडे वळली, तिथेही काही वर्षांत बंदी आली, मग इंडोनेशियाकडे. आपल्या शेजारच्या गोव्यात पावसाळी रात्री खाण्यासाठी बेडूक पकडण्याचे प्रकार आजही घडतात आणि ते रोखण्यासाठी तिथली तरुण मंडळी आजही रात्री जागतात.

काल्हेरमध्ये आज बेडूक पकडायला कुणी येत नाही. त्याची गरजच उरलेली नाही. मुंबई-ठाण्याच्या बाजाराला लागणारा माल ठेवायला जागा हवी, म्हणून वळ, दापोडा, पूर्णा, राहनाळ, काल्हेर असा गोदामांचा पट्टा झाला. खाडीकाठी रेतीबंदरे झाली, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले. यात कुणाला खलनायक ठरवण्याची माझी इच्छा नाही. शेती परवडेनाशी झालेल्या शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली आणि त्या भाड्यावर मुलांना इंजिनीअर केले, तर त्याला बोल लावणारा मी कोण? मी स्वतः अशाच एका खाचरावर उभ्या असलेल्या इमारतीत राहतो. पण एवढे खरे, की बेडूक मारायला बंदी घालणारा कायदा बेडकाचे डबके वाचवू शकत नाही. जमीन बिनशेती करताना बांध किती, विहिरी किती, झाडे किती, हे कागदावर येते. त्या खाचरात दर जूनला कोण गात होते, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मी लिहिलेले ते वाक्य आजही, नावे बदलून, अनेक टेबलांवर लिहिले जात असणार.

मग करायचे काय? अब्दुलअलींच्या मार्गाने गेले तर उत्तर साधे आहे: नोंद. हौशी माणसांच्या नोंदींना आज पूर्वी कधी नव्हते इतके बळ आले आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला होता आणि त्याला आधार होता सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींचा. ही माणसे कोण? कुणी शिक्षक, कुणी गृहिणी, कुणी शाळकरी मुले, कुणी माझ्यासारखे पेन्शनर. पूर्वी पोस्टकार्डावर लिहून जर्नलला पाठवत, ते आता मोबाईलवर पाठवतात. साधन बदलले, अटी त्याच: तारीख, ठिकाण, खरेपणा.

आमच्या या पट्ट्यात अजूनही थोडी खाचरे उरली आहेत. खाडीचा चिखल आहे, खारफुटी आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. इथल्या प्रत्येक शाळेने एक जाडजूड वही घालावी. पहिला पाऊस कधी, पहिला बेडूक कधी आणि कुठे ऐकू आला, काजवे दिसले की नाही, कोणत्या डबक्यावर भराव पडला, हे मुलांनी त्यात लिहावे आणि खाली सही करावी. दहा वर्षांनी ती वही म्हणजे या गावाचा दस्तऐवज होईल. तिने गोदामे थांबणार नाहीत. पण पुढे कुणी ‘इथे काही नव्हतेच’ असे म्हणाला, तर त्याच्यापुढे उघडायला आपल्याजवळ एक पान असेल. इथल्या वृद्धांनीही मुलांना आठवणी लिहून द्याव्यात. बांधावरच्या त्या काकांना जे ठाऊक होते ते कुणी लिहून घेतले नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्या हातात तर पेन होते.

सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या एका लहानशा रातबेडकाला १९५५ साली शास्त्रज्ञांनी अब्दुलअलींचे नाव दिले: निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. हा बेडूक जगात दुसरीकडे कुठे नाही, आपल्याच घाटात आहे. रस्त्यांना, चौकांना, सभागृहांना नावे देण्याची आपल्याकडे मोठी हौस. पावसाच्या रात्री ओढ्याकाठी आपले नाव चालवणारे कुणी असावे, हा मान मात्र विरळा.

नातीच्या प्रश्नाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. ती परत जाण्याच्या आदल्या रात्री पाऊस लागून राहिला होता. मी तिला छत्री आणि बॅटरी घ्यायला लावली आणि आम्ही दोघे गोदामाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे कुंपणाबाहेर भरावातून सुटलेला एक चिंचोळा तुकडा आहे, पाण्याने भरलेला. दहा मिनिटे ट्रकांशिवाय काही ऐकू आले नाही. ती कंटाळून माझा हात ओढू लागली तोच पाण्यातून एक हाक आली. थोड्या वेळाने पलीकडून दुसरी. नात माझ्याकडे पाहतच राहिली. ‘‘आजोबा, दोनच आहेत का?’’

घरी येऊन मी बँकेच्या जुन्या डायरीतले एक कोरे पान तिच्यापुढे ठेवले. तिने तारीख घातली, गाव लिहिले ‘काल्हेर’ आणि पुढे लिहिले, ‘बेडूक दोन. ऐकले, दिसले नाहीत.’ मग जरा विचार करून खाली सही केली. मंजुरीची अनेक टिपणे मी आयुष्यात लिहिली. त्यातल्या एकाची दुरुस्ती त्या रात्री एका सात वर्षांच्या मुलीच्या अक्षरात झाली. यंदाही ती यायची आहे. डायरीत पुढचे पान मी कोरे ठेवले आहे.